सरोवरापलीकडलं काम

ताउनोने पंखावरच्या टाकीचं झाकण उघडलं, आत लाकडी पट्टी उभी सोडली आणि बाहेर काढून उजेडाकडे धरली. पेट्रोलची ओल जिथवर चढली होती तिथे त्याने अंगठा टेकवला. जितकं हवं तितकं होतं. तरी त्याने पट्टी पुसली आणि पुन्हा एकदा बुडवली. सत्तरी ओलांडलेला माणूस शिडीवर चढून तीच गोष्ट दोनदा मोजतो, तेव्हा त्याला पेट्रोलचीच काळजी असते असं नाही. एकाआड एक शनिवारी ते उडायचे, आज उडायचा शनिवार होता, आणि हेल्मीची गाडी अजून फाटकातून आत आली नव्हती.

ती आठला यायची. आठ वाजायला अजून दहा मिनिटं होती. म्हणजे तिला काही उशीर झाला नव्हता, हाच आधी येऊन बसला होता. गेली दोन वर्षं तो आधीच येऊन बसत होता.

फाटकातून गाडी आली खरी, पण ती पांढरी, सरकारी पाटीची. तिच्यातून पंचेचाळिशीचा एक माणूस उतरला. बगलेत फाइल, पायात शहरातले बूट. गवतावरच्या दहिवरातून ते बूट सांभाळत तो विमानापाशी आला.

"मिस्टर कांगास? मी प्रुइट. विमान खात्यातून आलोय. खाली येता का जरा?"

ताउनोने टाकीचं झाकण घट्ट लावलं. तो उतरला, पट्टी पुसत राहिला.

"कुणीतरी फोन केला होता," प्रुइट म्हणाला. "नाव विचारू नका, मी सांगणार नाही. तुम्ही एका बाईंना पैसे घेऊन सरोवरापलीकडे नेता, असं त्यांचं म्हणणं."

"अर्धे घेतो."

"अर्धे म्हणजे?"

"पेट्रोलचे अर्धे. तिकडे उतरायचं भाडं पडतं, त्याचे अर्धे. आम्ही दोघं असतो. दोघांचे दोन वाटे. वही आहे माझ्याकडे."

वही होतीच, ती तो आणायला गेला. ताउनो कांगास हा नाकासमोर चालणारा माणूस. जिल्ह्याच्या बर्फ काढणाऱ्या गाड्यांच्या गॅरेजात त्याने चौतीस वर्षं काढली, पण तिथला एक पाना कधी घरी आणला नाही. त्याचं लायसन्स हौशी वैमानिकाचं. हौशी माणसाने उडून कमवायचं नाही, एवढं साधं. बरोबर कुणी बसलं तर खर्च वाटून घेता येतो, पण वैमानिकाने आपला वाटा आपल्याच खिशातून भरायचा, त्यात एका सेंटचीही सूट नाही. पहिल्या महिन्यात हेल्मीने सगळेच पैसे पुढे केले होते. "माझ्यासाठी उडतोस, वर तुझ्याच खिशाला चाट कशाला?" असं म्हणून भांडली होती. तेव्हा त्याने तिला नियम वाचून दाखवला. खरं सांगायचं तर तो नियम त्याला फार आवडला होता. अर्धे पैसे भरले की अर्धा शनिवार आपला, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. हे अर्थात त्याने वाचून दाखवलं नाही.

नियमाचं पुढचं कलम मात्र अडचणीचं होतं. वैमानिकाला तिकडे स्वतःचं काम हवं. तो जाणारच होता, शेजारची जागा रिकामी होती, म्हणून कुणी बसलं, इतपत चालतं. नाहीतर त्याची टॅक्सी झाली, आणि टॅक्सीचं लायसन्स वेगळं असतं. आता सरोवरापलीकडे ताउनोचं काय काम असणार? त्याने दोन दिवस डोकं खाजवलं आणि त्यातूनच त्याला सुचलं. तो तिकडे केस कापून घ्यायला लागला.

प्रुइटने पंखाखाली उभ्याउभ्याच वही उघडली. एक पान, दुसरं पान, तिसरं.

"केस कापणे," तो वाचू लागला. "केस कापणे. केस कापणे. डिसेंबरात खिळे आणणे. केस कापणे. केस कापणे." त्याने वर बघितलं. "मिस्टर कांगास, टोपी काढता का जरा?"

ताउनोने टोपी काढली. डोक्यावर जे काही होतं ते मोजायला सकाळचा उजेड पुरेसा होता. प्रुइटने ओठ आवळून हसू दाबलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात हेल्मीची गाडी आली. ती नेहमीसारखी घाईने उतरली, एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. डब्यात निसू असायचा, म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव, ती शुक्रवारी भाजायची. परका माणूस बघून तिची पावलं मंदावली. प्रुइटने टोपीला हात लावला, आपण कोण ते सांगितलं, आणि विचारलं, "तुम्ही तिकडे कशाला जाता, बाई?"

"नवरा तिकडे असतो," हेल्मी म्हणाली. "रेइनो. त्याला काही आठवत नाही. तसल्या माणसांचं घर आमच्या या टोकाला नाही. पलीकडे ग्रेसनला आहे, तिथे जागा मिळाली."

"रस्त्याने?"

"सरोवराला वळसा घालून सव्वाचार तास. तेही उन्हाळ्यात. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हमरस्त्यावर मी गाडी घातली तर तुम्हाला आणखी एक फाइल उघडावी लागेल."

प्रुइट हसला. माणूस वाईट नव्हता. त्याने ताउनोकडे वळून विचारलं, "या बाईंच्या मिस्टरांना तुम्ही ओळखता?"

"पन्नास वर्षं. एकाच गॅरेजात होतो."

"बरं." प्रुइटने पेन सरसावलं. त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. "म्हणजे तुम्हीही तिकडे त्यांना भेटता."

आता हो म्हटलं असतं की झालं असतं. प्रुइटला तेच ऐकायचं होतं, त्याची निम्मी ओळ लिहूनही झाली असावी. हेल्मी ताउनोकडे बघत होती.

"नाही," ताउनो म्हणाला.

"नाही?"

"ती आत जाते. मी केस कापतो."

प्रुइटने पेन खाली केलं. मग म्हणाला, "मला एकच प्रश्न विचारायचा असतो, बाकी सगळा कागदांचा पसारा. या बाई येणार नसत्या, तर तुम्ही गेला असता? एकटे? केस कापायला?"

या प्रश्नाचं खरं उत्तर ताउनोला पाठ होतं. हेल्मी आली नाही तर तो फाटकाशी बसून राहिला असता, आणि दुपारी घरी जाऊन सूप गरम केलं असतं. ते सरोवर, ते पलीकडचं गाव, तो न्हावी, सगळं त्याला एका खुर्चीसाठी हवं होतं, विमानातल्या उजवीकडच्या. पण हे म्हणजे लायसन्स देऊन टाकणं. लायसन्स गेलं की हेल्मीचं जाणं बंद, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, बर्फात, तर रेइनो तिच्यासाठी पार चंद्रावर.

"गेलो असतो," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की." आणि मग, कधी खोटं न बोलणारा माणूस बोलायला लागला की जे होतं तेच झालं. तो गरजेपेक्षा जास्त बोलला. "ती असो नसो, मला काही फरक पडत नाही."

हेल्मीच्या डब्याचं झाकण घट्टच होतं. ते तिने आणखी दाबलं.

"आज मी तुम्हाला अडवत नाही," प्रुइट म्हणाला आणि त्याने एक कोरा कागद ताउनोच्या हातात दिला. "पण केस कापणं माझ्या वरिष्ठांच्या घशाखाली उतरायचं नाही. तुमचं तिकडे काय काम, ते तुमच्या अक्षरात लिहा आणि शुक्रवारपर्यंत पाठवा. खरं लिहा. खोटं लिहिलंत तर मला कळेल असं नाही, पण तुमच्याकडे बघून वाटतं की तुम्हाला ते जमणार नाही."

*

विमान सरोवराच्या काठाकडे निघालं होतं. खालचं जंगल पिवळं पडू लागलं होतं. काठ मागे पडला आणि पुढे नुसतं पाणी सुरू झालं, तेव्हा हेल्मीने सवयीने जीवरक्षक जाकिटाचा पट्टा ओढून बघितला. पाण्यावर आलं की ती नेहमी कॉफी ओतायची. आज ओतली नाही.

ताउनो सुया बघत होता. तेलाचा दाब ठीक, तापमान ठीक. या पन्नास मिनिटांसाठी तो दोन आठवडे जगायचा. कानांवर हेडफोन असले की तिचा आवाज अगदी कानात येतो, शेजारी बसून घरात बोलली तरी इतक्या जवळून येत नाही. बोलायची ती साध्याच गोष्टी. शेजारणीचं कुत्रं, चर्चमधल्या कॉफीची चव, बटाटे कसे आले. तो "हं" म्हणायचा. आपण जास्त बोललो तर भलतंच काही तोंडातून निघेल, अशी त्याला कायम धास्ती वाटायची.

"असो नसो, फरक पडत नाही," हेल्मी शेवटी म्हणाली.

"नियमच तसा आहे. तसंच सांगावं लागतं."

"मला नियम नको सांगूस. दोन वर्षं ऐकतेय."

"मग काय सांगायला हवं होतं?"

"तो माणूस तुझ्या हातात दोर देत होता, ताउनो. मित्राला भेटायला जातो म्हणायचं, संपलं. बिचाऱ्याने पेनसुद्धा टेकवलं होतं. आणि तू म्हणतोस केस! तुझ्या त्या डोक्यावर आता कापायला आहे काय?"

"मी भेटत नाही रेइनोला. कसं म्हणणार?"

"का भेटत नाहीस?"

वारा डावीकडून येत होता, ताउनोने विमानाचं नाक किंचित वळवलं.

"का भेटत नाहीस, मी विचारतेय. दोन वर्षांत विचारलं नाही. आज विचारते."

"एकदा आलो होतो."

"पहिल्या दिवशी. पाच मिनिटं. माझी बॅग ठेवलीस आणि पळालास."

"त्याने मला ओळखलं नाही."

"मलाही ओळखत नाही. मी पळाले का?"

"तुझं वेगळं."

"काय वेगळं?"

घरात असता तर तो उठून बाहेर लाकडं फोडायला गेला असता. विमानातून कुठे जाणार? खाली पाणी, आणि दोन्ही बाजूंना किनारा दिसत नव्हता.

"मला बरं वाटलं," तो म्हणाला.

"काय बरं वाटलं?"

"त्याने ओळखलं नाही ते." हे बोलताना त्याची नजर पुढच्या काचेवरून हलली नाही. "तो माझा मित्र. माझी आई गेली तेव्हा रात्रभर माझ्याजवळ बसला होता. आणि त्याने माझ्याकडे परक्यासारखं बघितलं, तर मला आधी वाटलं, सुटलो. आता हा बघत नाहीये. असं वाटलं मला. दाराबाहेर आलो आणि स्वतःचीच किळस आली. त्यानंतर त्याच्यापुढे जायला तोंड राहिलं नाही."

कशातून सुटलो, ते तो बोलला नाही. हेल्मीनेही विचारलं नाही. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. ताउनोला वाटलं, आता झालं, आता ही पुन्हा या विमानात बसायची नाही. नियम मोडून जे गेलं नाही ते आपण तोंडाने घालवलं.

"त्याने पहिल्यांदा मला ओळखलं नाही ना," हेल्मी खिडकीकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी मी घरी येऊन झोपले. चांगली गाढ, दहा तास. आठ महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी उठले आणि आरशात बघवेना."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू विचारायला आत आलास का?" आता ती वळली. तिचे डोळे लाल झाले होते आणि आवाजात चांगलाच राग होता. "दोन वर्षं मी त्या खोलीत एकटी बसते. त्याला गोष्टी सांगते, त्याला कळत नाहीत. गॅरेजच्या गोष्टी मला नीट माहीत नाहीत, मी त्या चुकीच्या सांगते, त्याला तेही कळत नाही. आणि ज्याला त्या माहीत आहेत तो दोन गल्ल्या पलीकडे टॉवेल गुंडाळून बसलेला. दर वेळी मी दार उघडं ठेवते. आज येईल म्हणून. तिथली मरीबेल विचारते, दार लावू का, वारा येतोय. मी म्हणते राहू दे."

ताउनोला वाटत होतं की गेली दोन वर्षं कुणाची तरी वाट फक्त आपणच बघतोय. एवढ्या वयातही माणूस किती मूर्ख असू शकतो!

"ते कागदावर लिहायचं असेल," हेल्मी म्हणाली, "तर आधी खरं कर."

मग तिने कॉफी ओतली आणि त्याच्या हातात दिली.

*

ग्रेसनच्या छोट्या विमानतळावरून गावात चालत दहा मिनिटं. कोपऱ्यावर पोस्टापाशी ते दर वेळी वेगळे व्हायचे, ती डावीकडे, तो उजवीकडे. न्हावी डुएन दुकानाच्या दारात उभा राहून काच पुसत होता. त्याने लांबूनच हात केला आणि खुर्ची फिरवली.

"आज नाही!" ताउनो ओरडला.

"देव पावला!" डुएन तिकडून ओरडला. "चार केस वाचले!"

हेल्मी हसली नाही, पण तिने पावलं जरा हळू केली, त्याला बरोबर चालता यावं म्हणून.

रेइनो राहायचा त्या घरात शिरताना टेबलावर भेटायला येणाऱ्यांची वही होती. नाव, कोणाला भेटायचं, नातं. हेल्मीने झरझर लिहिलं. ताउनोने मागची पानं सहज उलटली. 'रेइनो अहोला' या नावापुढे प्रत्येक वेळी एकच सही होती, हेल्मीची. नात्याच्या रकान्यात त्याने 'मित्र' लिहिलं, आणि अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की मरीबेलला, तिथल्या कामाच्या मुलीला, ते पुन्हा विचारावं लागलं.

खोली लहान होती. रेइनो खिडकीशी त्याच्या मोठ्या खुर्चीत बसला होता. बारीक झाला होता, पण हात तेच होते, रुंद, एका नखावर जुना काळा डाग. त्या नखावर हातोडी बसली तेव्हा ताउनो शेजारीच उभा होता. हेल्मीने ताउनोला रेइनोजवळच्या खुर्चीवर बसवलं. "तू बस तिथे, मी पाव कापते," म्हणाली, आणि डबा घेऊन दाराजवळच्या टेबलाशी दुसऱ्या खुर्चीवर बसली.

रेइनोने ताउनोकडे बघितलं. ओळख नव्हती, पण कुतूहल होतं.

"नवा का इथे?"

"आजच आलो," ताउनो म्हणाला.

"जेवण बरं असतं. मंगळवारी मासा देतात, तो घेऊ नकोस."

"बरं झालं सांगितलंस."

"बर्फ पडला का?"

"अजून नाही. सप्टेंबर चालू आहे."

"पडेल," रेइनो म्हणाला. "बर्फाच्या गाड्यांना पाती लावून ठेवा. मागच्या वेळी त्या गाढवाने पाती उलटी लावली."

ताउनोला हसू फुटलं. ते गाढव तोच होता. साल एकोणीसशे एक्क्याऐंशी, पहिलं वादळ, आणि अख्खी गाडी तीन मैल बर्फ रस्त्यावरच ओतत गेली होती. "उलटी लावली, आणि वर म्हणाला की रस्ताच वाकडा आहे," तो म्हणाला.

"हो!" रेइनोने गुडघ्यावर थाप मारली. "वाकडा आहे म्हणे! तू होतास तिथे?"

"होतो."

"कसा होता तो गाढव?"

"चांगला होता तसा. जरा घाबरट."

रेइनो मोठ्याने हसला. दाराशी हेल्मीची सुरी पावावर चालता चालता थांबली. हे हसू तिने दोन वर्षांत ऐकलं नसावं, कारण ती जागच्या जागी वळून बघत राहिली. इतकं सोपं होतं हे, आणि तो दोन गल्ल्या पलीकडे बसत होता.

पावाचा तुकडा आला. रेइनोने तो दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाल्ला, मांडीवरचे कण बोटाने टिपून तेही खाल्ले. हेल्मी परत टेबलाशी गेली तशी तो ताउनोकडे झुकला. आवाज खाली आणला, पण खोली इतकी लहान होती की त्याचा काही उपयोग नव्हता.

"ती बाई," तो म्हणाला. "दाराशी बसलीय ती. नेहमी येते. हा पाव तीच आणते."

"हो."

"चांगली आहे. थकते बिचारी. बोलते फार, पण चांगली आहे." त्याने ताउनोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझी बायको का?"

हेल्मीची पाठ त्यांच्याकडे होती. ती हलली नाही.

ताउनोला हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. आयुष्यात इतकं कशाचंच वाटलं नव्हतं. पाण्यावरच्या त्या प्रत्येक पन्नास मिनिटांत त्याने मनातल्या मनात हेच म्हणून बघितलं होतं, आणि ते ऐकायला आजवर कुणी नव्हतं. आज चक्क कुणीतरी विचारत होतं. ज्याला विचारायचा हक्क होता तोच विचारत होता, हसऱ्या चेहऱ्याने, आणि पाच मिनिटांत विसरणार होता. एक शब्द. कुणाचं काही गेलं नसतं. हेल्मी रागावली असती का, तेही आता त्याला ठाम सांगता येत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "तुझी."

रेइनो थांबला. "माझी?"

"तुझी. सेहेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मी होतो लग्नात."

"ती?"

"तीच."

रेइनोने दाराकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग त्याने हाताने डोक्यावरचे विस्कटलेले पांढरे केस बसवले, आणि शर्टाचं वरचं बटण लावायला घेतलं. बोटांना ते जमेना, तरी तो लावत राहिला.

"अरे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार होती, "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"चुकलं आमचं."

"आणि ती तिकडे इतक्या लांब का बसलीय?"

ताउनो उठला. आपली खुर्ची त्याने रेइनोच्या आणखी जवळ सरकवली आणि तिची पाठ धरून उभा राहिला. हेल्मीने हात पुसले, कुणाकडेही न बघता आली आणि तिच्यावर बसली. मग तो दाराशी जाऊन बसला.